काणकोणचा पूर डोंगरातून आला

दक्षिण गोव्यातल्या काणकोणला येणारी बहुतेक माणसं चावडीवरून, म्हणजे तिथल्या बाजारपेठेतून, थेट पाळोळेच्या किनाऱ्याकडे वळतात. आम्ही फोंड्याहून मडगाव, बाळ्ळी, करमल घाट करत आलो आणि उलट बाजूला, गावडोंगरीकडे गाडी घातली. मावशीचं सासर पैंगीणचं, त्यामुळे 2009 च्या पुराच्या गोष्टी घरात लहानपणापासून ऐकलेल्या. ती जागा मात्र कधी नीट पाहिली नव्हती.

2 ऑक्टोबर 2009, गांधी जयंतीची सुट्टी. दसरा होऊन चार दिवस झालेले, भात कापणीला आलेलं. पाऊस आता जातोय असंच सगळे धरून होते, आणि काही तासांत सुमारे 270 मिलिमीटर कोसळला. त्याच दिवसांत तिकडे आंध्रात कर्नूल आणि मंत्रालयम बुडाले, शेजारच्या कारवारात दरडीखाली माणसं गाडली गेली. देशभरच्या बातम्यांत काणकोणच्या वाट्याला दोन ओळीसुद्धा आल्या नसतील.

नकाशा पाहिला की कारण कळतं. तळपण आणि गालजीबाग या नद्या सह्याद्रीच्या कुशीत उगम पावतात आणि लगेच समुद्राला मिळतात. तळपणचा सगळा प्रवास जेमतेम तीसेक किलोमीटरचा, गालजीबागचा त्याहून आखूड. वर डोंगरात ढग फुटला तर खाली निरोप पोचायच्या आत पाणीच पोचतं. त्यात चार महिने भिजून जड झालेली डोंगराची माती. ती ठिकठिकाणी सुटली आणि झाडं, दगड, चिखल असं सगळं पाण्याबरोबर खाली आलं.

गावडोंगरीच्या अलीकडे ओहोळाकाठी एक कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, आहे. मालक काका मिरीच्या वेलांना ओलं करत होते. मावशीचं नाव सांगितल्यावर पाइप तिथेच टाकून आम्हाला आत घेऊन गेले. "वरच्या पायरीवरच्या माडी बघा, आणि ह्या खालच्या बघा," म्हणाले. माडी म्हणजे पोफळी. वरच्या पोफळी मान मोडेस्तोवर उंच. खालच्या मात्र सगळ्या एका मापाच्या, कितीतरी बुटक्या. पुरानंतर लावलेल्या. पोफळीच्या खोडावर गळलेल्या प्रत्येक झावळीचं वळं उरतं, त्यामुळे वय लपत नाही. पाणी कुठवर चढलं होतं हे या दोन पिढ्यांमधल्या सीमेवर बोट ठेवून दाखवता येतं. पाटाशेजारी एक भलाथोरला दगड पडला होता. "हा आमचा नव्हे, वरच्या डोंगराचा. त्या दिवशी आला, तो राहिला," काका म्हणाले. आता त्यावर सुपाऱ्या सोलायला बसतात.

घरं कशी पडली, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला नवीन होतं. मातीच्या भिंती पुरात बऱ्याचशा उभ्याच राहिल्या. पाणी ओसरून ऊन पडल्यावर त्या आतून सुटत गेल्या आणि माणसं गाळ काढत असताना बसल्या. मदतीचा तांदूळ आला, पंचनामे झाले. नुकसानभरपाईचा विषय काढला तर काका नुसते हसले.

महिना उलटतोय तोच अरबी समुद्रात फयान चक्रीवादळ उठलं. 11 नोव्हेंबरला ते अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्याला धडकलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे मच्छीमार त्यात गेले. फयान आजही कोकणात कुणालाही विचारा, आठवतं. वादळाला नाव असतं, उपग्रहाचं चित्र असतं, टीव्हीवर गोल फिरणारा पांढरा भोवरा असतो. डोंगरातून आलेल्या पाण्याचं असं काहीच नसतं, आणि म्हणूनच, मला वाटतं, आपली सगळी तयारी समुद्राकडे तोंड करून असते.

परतताना नव्या बायपासवरून आलो. तळपणवरचा पूल देखणा आहे, यात वाद नाही. पण दोन्हीकडे शेतातून गेलेले भराव बघून काकांचा प्रश्न आठवला: "पाण्याला वाट ठेवलीय ना रे त्यांनी?" गाडीतल्या आम्हा चौघांपैकी एकालाही उत्तर देता आलं नाही. जाणार असाल तर पावसाळ्यात करमल घाट रात्रीचा टाळा, आणि गावडोंगरीला जाताना चावडीवरच जेवून घ्या, पुढे हॉटेल मिळायची खात्री नाही.