सार्कचा करार आणि एजंटानं आणलेली सून

आमच्या कागल-मुरगूड पट्ट्यात हल्ली कुणाचं लग्न ठरलं की पोरगी कुठली हे नंतर, एजंट कोण हे आधी विचारतात. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळंनात, पस्तिशी उलटली की घरचे एजंट गाठतात, पैसे मोजतात आणि लांबच्या राज्यातली पोरगी आणतात. सगळीच अशी लग्नं वाईट असं नाही हं, काही पोरी मस्त नांदतायत. पण मध्ये एका वास्तुशांतीला एक सून बघितली, मराठी येतं ते ‘हो’ आणि ‘जेवा’ एवढंच, तिचा मोबाईल सासूच्या पिशवीत, आणि बायका कौतुकानं सांगत होत्या की पहाटेपासून सगळा गोठा एकटी बघते म्हणून.

एलएलबीला सार्कचा, म्हणजे भारत-नेपाळसारख्या दक्षिण आशियातल्या देशांच्या गटाचा, करार परीक्षेपुरता वाचलेला, तो घरी येऊन परत काढला. ५ जानेवारी २००२ ला काठमांडूत सह्या झाल्या, महिला आणि मुलांची तस्करी रोखायची म्हणून. चांगलंय की त्यात! देशाबाहेर नेलं तरी तस्करी आणि देशातल्या देशात नेलं तरी तस्करी, आणि बाईची संमती होती ही पळवाट पण चालत नाही. फसवून केलेलं लग्न, बालविवाह हे मार्गसुद्धा नाव घेऊन लिहिलेत. पण शेवटी सगळं येऊन थांबतं वेश्याव्यवसायावर. म्हणजे यल्लम्माला सोडलेली गडहिंग्लजकडची पोर मुंबईच्या कोठ्यावर विकली तर ती या करारात बसते, पण लग्न लावून आणून गोठ्यात राबवली, माहेरी जाऊ दिली नाही, तर नाही बसत. चायनीजच्या गाड्यावर रात्री एकपर्यंत भांडी घासणारं नेपाळचं बारकं पोरगं पण नाही, आणि नेपाळची बॉर्डर तर उघडीच, पासपोर्ट लागतच नाही.

बरं, २००० सालच्या यूएनच्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे तस्करीविरोधी करारात, सक्तीची मजुरी, गुलामी, अवयव काढणं सगळं होतं, ते समोर असताना आपल्या लोकांनी दोन वर्षांनी एवढंच का लिहिलं देव जाणे. आसियानवाल्यांनी, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांनी, २०१५ ला केलेल्या करारात सक्तीची मजुरी घेतलीय. आपल्याकडं दुरुस्ती करणार कोण, सार्कची शिखर परिषदच २०१४ नंतर झालेली नाही.

आपला घरचा कायदा मात्र यापेक्षा रुंद आहे. भारतीय न्याय संहितेचं तस्करीवरचं कलम १४३, त्यात गुलामीसारखी वागणूक येते, भीक मागायला लावणं पण येतं, आणि पोर अठराच्या आतली असेल तर कमीत कमी १० वर्षं. पण तक्रार द्यायची कुणी? तिच्याकडं फोन नाही, भाषा नाही, आणि गावातला शहाणा माणूस बहुतेक नवऱ्याचा पाव्हणाच असतोय.

म्हणून सध्या बचत गटाच्या बायकांना एवढंच सांगतेय, अशी नवी सून आली की हळदीकुंकवाला एकटीला बोलवा, तिच्या आईला फोन लावून द्या आणि महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर तिच्याकडनं पाठ करून घ्या.