‘तोरणा’ दिवसभर बुक आहे

सोमवार, 28 जुलै 2025

काल दुपारी जेवणं आटोपत असताना टीव्हीवर पट्टी फिरायला लागली. आई आतून म्हणाली, "अगं, बारा हजार लोकांना काढणार म्हणे. तुझी कंपनी नाही ना ती?"

माझी नाही. टीसीएसची बातमी होती. 6 लाख 13 हजारांतले साधारण 2 टक्के लोक कमी करणार, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले. आईला "नाही गं, आमची नाही" म्हटलं आणि ती निवांत झाली. मी मात्र ताटातला भात तसाच कालवत बसले. मधली फळी म्हणजे कोण, हे मला कुणी सांगायला नको. 14 वर्षं झाली मला. मधली फळी म्हणजे मीच.

आज कॅबमध्ये आम्ही चौघं होतो. वाकडच्या पुलाखाली रोजच्यासारखे अडकलो. एरवी तेवढ्या वेळात कुणाच्या मुलाची शाळा, कुणाच्या सोसायटीतलं पाणी, सगळं बोलून होतं. आज चौघांच्याही माना फोनमध्ये. शेवटी पुढच्या सीटवरचा म्हणाला, "आपल्याकडे पण पुढच्या महिन्यात आहे." कुणी सांगितलं विचारलं तर म्हणे, आतली खबर आहे. आतली म्हणजे कुठली, ते त्यालाही सांगता आलं नाही. पण हिंजवडीचं फेज थ्री येईपर्यंत ती आम्हा चौघांची खबर झाली होती. दुपारच्या चहाला टपरीवर तीच माझ्या कानावर परत आली तेव्हा तिला आकडाही फुटला होता.

गुरुवार, 31 जुलै

आमच्या मजल्यावरच्या मीटिंग रूमना किल्ल्यांची नावं आहेत. त्यातली ‘तोरणा’ सगळ्यात लहान, चार खुर्च्यांची. एरवी तिथे बसून आम्ही बायका डबा खातो. सोमवारपासून ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बुक आहे. कुणी केली ते दिसत नाही, ‘प्रायव्हेट’ एवढंच येतं.

दाराच्या काचेला दुधी कागद लावलाय, पण खाली वीतभर पट्टी मोकळी आहे. तिथून आत बसलेल्यांचे पाय दिसतात. काल येता-जाता माझी नजर तिथेच जात होती. एक जोडी काळ्या बुटांची, एकदम स्थिर. समोर निळ्या लेसचे स्पोर्ट्स शूज, त्यातली डावी टाच सारखी वरखाली होत होती. ते शूज टेस्टिंगमधल्या मुलाचे, हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक. तो बाहेर येईपर्यंत निम्म्या मजल्याने त्याला मनातल्या मनात निरोपही दिला होता.

आज कळलं, ऑडिटवाले आलेत. प्रत्येक प्रोजेक्टमधल्या एकेकाला बोलावून कागद तपासताहेत. त्या मुलाने चार जणांना शपथेवर सांगितलं, तरी कुणाला खरं वाटेना. "तो आता असंच सांगणार ना," असं एकजण म्हणाली, आणि मला तेही पटलं. याचंच वाईट वाटतंय. जो माणूस समोर उभा राहून खरं बोलतोय त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि ज्याचं नाव माहीत नाही त्याच्या खबरीवर बसतो.

गेल्या आठवड्यातल्या टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र बैठकीत, कुणीतरी सरळ विचारलं होतं की आपल्याकडे कपात आहे का. उत्तर आलं, "आम्ही मनुष्यबळाचा सातत्याने आढावा घेत असतो." ‘नाही’ म्हटलं असतं तर झोप लागली असती. ‘हो’ म्हटलं असतं तर लोक तयारीला लागले असते. ज्यांच्या हातात होतं त्यांनी ती जागा मोकळी ठेवली आणि आता जो तो आपापल्या भीतीने ती भरतोय.

मंगळवार, 5 ऑगस्ट

सर भेटले कॅन्टीनमध्ये.

2011 मध्ये मी फ्रेशर म्हणून आले तेव्हा मेनफ्रेमच्या टीममध्ये टाकलं होतं मला. मेनफ्रेम म्हणजे बँकांचे ते जुने, मोठे कॉम्प्युटर. त्यांच्या कोबोल या भाषेचं नावही मी कॉलेजात ऐकलं नव्हतं. पहिल्याच नाइट सपोर्टला रात्री दोनला बँकेचा जॉब, म्हणजे रात्री आपोआप चालणारा प्रोग्राम, आडवा झाला. स्क्रीनवर एस-झिरो-सी-सेव्हन हा एरर कोड. मी अक्षरशः रडायच्या बेतात होते. सरांनी खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "घाबरायचं नाही. डंप म्हणजे जॉब पडला त्या क्षणाची मेमरीतली सगळी नोंद. ती मोठी असते, पण आपल्याला त्यातला ऑफसेट तेवढा बघायचा. तो सांगतो कुठली ओळ फुटली." आकड्याच्या जागी रिकामी जागा आली होती एका रेकॉर्डमध्ये, बस. वीस मिनिटांत जॉब परत चालू. त्या रात्री त्यांनी मला डंप वाचायला शिकवला. पुढे तंत्रं बदलली, मी जावामध्ये गेले, क्लाउडमध्ये गेले, पण बिघाड समोर आला की आधी नेमकी जागा शोधायची ही सवय त्यांची.

सरांचं प्रोजेक्ट 30 जूनला संपलं. तेव्हापासून बेंचवर आहेत, म्हणजे पगार चालू पण हातात प्रोजेक्ट नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. टीसीएसमध्ये जूनपासून नियम आलाय, वर्षात 225 दिवस बिलिंगवर, म्हणजे क्लायंट पैसे देतो अशा कामावर, असलंच पाहिजे, बेंचवर जास्तीत जास्त 35. आमच्याकडे असा आकडा कुणी जाहीर केलेला नाही, पण बेंचवरचा प्रत्येकजण मनात दिवस मोजतोय.

ट्रे घेऊन समोर बसले आणि थोडं थांबून म्हणाले, "अगं, एक विचारू? तुझ्या कानावर काही आलंय का?"

ज्या माणसाला मी 14 वर्षं विचारत आले, तो मला विचारत होता. मी म्हटलं, "नाही सर, मला काहीच माहीत नाही." ते खरंच होतं. पण जे माहीत होतं ते मी सांगितलं नाही.

ते इथे लिहिते. 10 जुलैला माझ्या टीममधल्या एका जागेसाठी, माणसं प्रोजेक्टवर लावणाऱ्या रिसोर्सवाल्यांनी त्यांचं प्रोफाइल पाठवलं होतं. जागा क्लाउडची. क्लायंटला ऑक्टोबरपर्यंत काम हवंय, शिकवत बसायला वेळ नाही, हे सगळं खरं. मी ‘रिजेक्ट’ दाबलं. कारण निवडायला यादी उघडते, त्यातली दुसरी ओळ निवडली, ‘स्किल मिसमॅच’. अर्ध्या मिनिटाचं काम. फोन करून "सर, दीड महिन्यात शिकाल का हे?" एवढं विचारावंसंही वाटलं नाही. नंतर कळलं, त्यांच्या प्रोफाइलवर अशी चार रिजेक्शन्स आहेत. चौघंही असेच माझ्यासारखे, कामाच्या घाईत असलेले, वाईट नसलेले लोक.

टपरीवर आम्ही सगळे म्हणतो, ‘वरून यादी आलीय’. वरून येत असेलही. पण त्या यादीत नाव जाण्याआधी माणूस चार ठिकाणी नाकारला गेलेला असतो, आणि त्यातलं एक ठिकाण मी होते.

सोमवार, 11 ऑगस्ट

दोन रात्री झोप नाही. काल विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. ग्रॅच्युइटी: शेवटचं बेसिक गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. 62 हजार बेसिक आणि 14 वर्षं धरली तर 5 लाखांच्या जरा वर. घराचा हप्ता 41 हजार. म्हणजे 14 वर्षांच्या नोकरीचे 12 हप्ते. तो आकडा दोनदा तपासला.

पण खरा धसका पैशांचा नाही, आईच्या गुडघ्याचा आहे. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलंय आणि ते कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर आहे. नोकरीचा शेवटचा दिवस तोच त्या विम्याचाही शेवटचा. आज विमा कंपनीला फोन केला. ग्रुपमधून त्यांच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, जुन्या आजारांसाठी भरलेला वेटिंग पिरियडही धरला जातो, पण अर्ज कव्हर चालू असतानाच करायला हवा. हे मला 14 वर्षं माहीत नव्हतं. उद्या टीममधल्या सगळ्यांना सांगणार आहे. खबरी एवढ्या फिरताहेत, तर एखादी उपयोगाचीही फिरू दे.

बाबांपासून लपवायचं ठरवलं होतं, पण त्यांनी बिलाच्या पाठीवरचे आकडे पाहिले. काही बोलले नाहीत. रात्री गॅलरीत येऊन शेजारी बसले आणि विचारलं, "नोटीस लागली का?"

"आमच्याकडे नोटीस लागत नाही बाबा."

"मग कळतं कसं?"

मला उत्तर देता येईना. बाबा चिंचवडला कारखान्यात होते. 2002 मध्ये व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, आली. गेटजवळच्या फलकावर मराठीत आणि इंग्रजीत कागद लागला, कितीला किती मिळणार ते वर्षांप्रमाणे लिहिलेलं. युनियनचे लोक घरी आले, आईने पोहे केले, त्यांनी 5 लाखांपर्यंत कर लागत नाही वगैरे समजावून सांगितलं. बाबांनी पंधरा दिवस विचार केला, मग सही केली. मला ते दिवस वाईट म्हणूनच आठवतात, घरात सुतक असल्यासारखे. पण आज वाटलं, बाबांच्या हातात कागद होता. शेजारी बसून तो वाचणारं माणूस होतं. घाबरायचं तर कशाला घाबरायचं, ते त्यांना माहीत होतं.

बुधवार, 20 ऑगस्ट

या वेळी ऑडिट नाही. ‘तोरणा’मध्ये खरंच एचआर बसलंय. काल सात जण, आज पाच. कॅलेंडरमध्ये पंधरा मिनिटांचं आमंत्रण येतं, विषय ‘कनेक्ट’. आत गेल्यावर काढत नाहीत, राजीनामा मागतात. दोन महिन्यांचा पगार घ्या, आजच्या आज सिस्टिममध्ये राजीनामा टाका, नाहीतर रेकॉर्ड खराब होईल. असं गेलेल्यांपैकी दोघांनी स्वतः मला सांगितलं.

हे ‘स्वतःहून’ कशासाठी, ते मी गेल्या आठवड्यात बसून वाचलं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 25-एफ आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि भरलेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. सरांच्या 22 वर्षांचे होतात 330 दिवस, जवळजवळ अकरा महिने. राजीनामा दिला की यातलं काहीच लागू नाही, कारण कुणी काढलंच नाही, तुम्ही गेलात. आता कोड लिहिणारा माणूस ‘कामगार’ धरायचा का, यावर वाद होतो. हुद्द्याचं नाव काय यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करतो ते कोर्ट बघतं. मी लोकांच्या रजा मंजूर करते, रेटिंग देते, माझं अवघड आहे. सरांच्या हाताखाली गेली सहा वर्षं कुणीच नव्हतं. ते स्वतः कोड लिहीत होते.

संध्याकाळी त्यांना पार्किंगपर्यंत सोडायला गेले. पाऊस होता, शेडखाली थांबलो. आधी 10 जुलैचं सांगितलं. शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे विसरले. "सर, तुमचं प्रोफाइल माझ्याकडे आलं होतं, मी नाकारलं," एवढंच आलं तोंडून.

ते बराच वेळ पावसाकडे बघत होते. मग म्हणाले, "मला दिसतं गं ते. कुणी नाकारलं ते नाव येतं सिस्टिममध्ये."

म्हणजे कॅन्टीनमध्ये ते माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांना माहीत होतं.

मी सांगितलं की ती जागा पुन्हा उघडा म्हणून सोमवारी मेल टाकला होता, उत्तर आलं, पोझिशन क्लोज्ड. त्यावर ते काही बोलले नाहीत. मग 25-एफचं सांगितलं. बोलावलंच तर तिथल्या तिथे काही टाकू नका, जे म्हणणं आहे ते लेखी मागा, घरी येऊन वाचा, वकिलाला दाखवा. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि "25 काय म्हणालीस?" असं विचारून लिहून घेतलं.

मंगळवार, 26 ऑगस्ट

उद्या गणपती. आज निम्मा मजला रिकामा, गावाला गेलेले. तरी ‘तोरणा’ बुक होती.

साडेअकराला दाराखालच्या पट्टीतून तपकिरी सँडल दिसल्या. पावसाळ्यात सर कायम त्याच घालतात. मी प्रिंटरपाशी उभी राहिले, काही प्रिंट करायचं नव्हतं. पंधरा मिनिटांची मीटिंग चाळीस मिनिटं चालली. सँडल जमिनीवर सपाट होत्या, शेजारी शेजारी, एकदाही हलल्या नाहीत.

बाहेर आले ते थेट माझ्याकडे. घशाला कोरड पडली असावी, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले. "नाही टाकला," म्हणाले. "तीनदा सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, मेल करा, वाचतो, मग बोलू." हात थरथरत होते. "बायकोला अजून सांगितलं नाहीये. उद्या मूर्ती बसू दे." आणि घरी गेले. माझं काय होणार ते मला माहीत नाही. दुपारनंतर कॅलेंडर उघडायचा धीर झाला नाही.

आत्ता पावणेदहा झालेत. आई-बाबा मखराला दिव्यांची माळ लावताहेत, आईचा गुडघा दुखतोय तरी खुर्चीवर बसून सूचना चालू आहेत. सरांचा फोन येऊन गेला. "त्यांचा मेल आलाय. तुला पाठवलाय. जरा वाचशील का? मला आज अक्षरं लागत नाहीयेत."

लॅपटॉप मांडीवर घेतलाय. लांबलचक इंग्रजी आहे, सहा परिच्छेद. फोन चालूच ठेवलाय, पलीकडे ते काही न बोलता थांबलेत. मी एकेक ओळ मोठ्याने वाचायला घेते.