टोबॅको रोडवरचा हिवाळा: ड्यूक-यूएनसीच्या तिकिटामागे न धावता

नॉर्थ कॅरोलायनात कॉलेज बास्केटबॉल बघायला जायचं ठरलं की ज्याला त्याला एकच मॅच हवी असते, ड्यूक विरुद्ध यूएनसी (म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ). ती ड्यूकच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये असली तर रीसेलच्या तिकिटाचा आकडा सहज चार अंकी होतो, तोही डॉलरमध्ये. मी न्यू जर्सीत राहतो, काम लॅपटॉपवरचं, आणि मावसबहीण रॅलीजवळच्या कॅरी गावात. म्हणून 2025 च्या जानेवारी ते मार्चमध्ये जमेल तसा तिच्याकडे मुक्काम ठोकला आणि एसीसीचा सीझन फिरून बघितला. आता माझं मत पक्कं झालंय: त्या एका मॅचचा नाद सोडा. तेवढ्या पैशात अख्खा सीझन बघून होतो, आणि खरी मजा मधल्या वारच्या मॅचमध्ये आणि जुन्या हॉलमध्ये आहे.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, 1953 मध्ये ग्रीन्सबरोत सुरू झालेला. त्याचा जीव चार विद्यापीठांत: डरमला ड्यूक, चॅपल हिलला यूएनसी, रॅलीला एनसी स्टेट आणि विन्स्टन-सेलमला वेक फॉरेस्ट. तंबाखूच्या पैशावर उभा राहिलेला पट्टा, म्हणून टोबॅको रोड. ड्यूक आणि यूएनसी यांच्यात जेमतेम 16-17 किलोमीटर. एकाच ऑफिसात, कधी एकाच घरात गडद निळा आणि आकाशी असे दोन्ही रंग नांदतात, आणि मॅचच्या आठवड्यात नांदत नाहीत.

2024 मध्ये स्टॅनफर्ड, बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि डॅलसचं एसएमयू आत आले आणि संघ 18 झाले. अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये पॅसिफिक किनाऱ्याचे दोन संघ! टीव्हीचा पैसा, दुसरं काय. मी गेलो त्या सीझनला प्रत्येकाचे कॉन्फरन्समधले 20 सामने होते, 2025-26 पासून ते 18 झाले. ड्यूक-यूएनसी दोनदा होतंच, पण बाकीचे शेजारी दरवर्षी एकमेकांच्या घरी खेळतीलच असं धरून चालू नका. वेळापत्रक लागल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

मुक्कामाला कॅरी किंवा मॉरिसव्हिल उत्तम. विमानतळ शेजारीच आहे, तीन विद्यापीठं अर्ध्या-पाऊण तासाच्या आत, आणि मराठी माणसं इतकी की भाजी घेताना मागून ‘मेथी जून वाटतेय’ असं ऐकू येतं. विन्स्टन-सेलम मात्र लांब, पावणेदोन ते दोन तास. गाडी हवीच. इथल्या बसच्या भरवशावर रात्रीच्या मॅचला गेलात तर परतीचे वांधे होतील.

अपवाद चॅपल हिलचा. तिथल्या गावातल्या बस सगळ्यांना फुकट आहेत. डीन स्मिथ सेंटर या यूएनसीच्या हॉलजवळचं पार्किंग बहुतेक देणगीदारांच्या नावावर असतं, त्यामुळे गाडी बाहेरच्या पार्क-अँड-राइडला लावून शटलने आत जाणं बरं. मॅच संपल्यावर आपण शटलच्या रांगेत असतो आणि देणगीदार आपापल्या गाड्यांत अडकलेले असतात, तेवढंच समाधान.

डीन स्मिथ सेंटर 1986 मध्ये उघडलं, 21 हजारांहून जास्त माणसं बसतात. खालच्या चांगल्या खुर्च्यांवर पैसेवाली, वयस्क, शांत मंडळी. फ्लोरिडा स्टेटच्या सॅम कॅसेलने 1991 मध्ये या प्रेक्षकांना ‘वाइन आणि चीजवाले’ म्हटलं होतं, ते अजून इथल्या लोकांना झोंबतं. खरं सांगायचं तर तो फार चुकला नव्हता. आवाज येतो तो बास्केटमागच्या विद्यार्थ्यांचा. तुम्ही वर, विद्यार्थ्यांच्या बाजूच्या टोकाला बसा. तिकीट स्वस्त पडतं आणि मॅच अंगावर येते.

मी गेलो ती 18 जानेवारीची, स्टॅनफर्डविरुद्धची. ही कोण बघायला जातं, असं बहिणीचा नवरा म्हणाला होता. यूएनसी शेवटच्या मिनिटापर्यंत हातात मॅच धरून होती, आणि शेवटच्या सेकंदात स्टॅनफर्डच्या जेलन ब्लेक्सने उडी मारून चेंडू टाकला: 72-71. हा ब्लेक्स आदल्या वर्षापर्यंत ड्यूकमध्ये होता. अख्खा देश ओलांडून आलेला संघ, आणि घाव घालणारा पोरगा शेजारच्या शत्रूकडून शिकून गेलेला. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी आकाशी टोपी काढली, घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली आणि काही न बोलता पायऱ्या उतरायला लागले.

मॅचशिवाय वेळ असेल तर शेजारीच कॅरोलायना बास्केटबॉल म्युझियम आहे, प्रवेश फुकट, वेळा आधी बघून जा. मायकल जॉर्डनच्या भक्तांना एक सूचना: जॉर्डन या मोठ्या हॉलमध्ये कॉलेजचं बास्केटबॉल खेळलाच नाही. तो 1981 ते 84 खेळला जुन्या कारमायकल हॉलमध्ये, आणि तिथे आता यूएनसीच्या मुली खेळतात. त्यांच्या मॅचचं तिकीट काढा, आत जाऊन बसता येतं.

तीन दिवसांनी, मंगळवारी, वेक फॉरेस्टच्या जोएल कॉलिझियमला हीच यूएनसी पुन्हा एका गुणाने हरली, 67-66. मॅचआधी ‘डीमन डीकन’ हा त्यांचा मॅस्कॉट फटफटी घेऊन थेट कोर्टावर येतो. टिम डंकन आणि क्रिस पॉल हे एनबीएचे तारे याच विद्यापीठाचे, पण देशभर चर्चा शेजाऱ्यांचीच, त्यामुळे इथला प्रेक्षक जरा जास्तच चेकाळतो. विद्यार्थी काळ्या-पिवळ्या बांधणीच्या टी-शर्टात असतात. मोठी मॅच जिंकली की कॅम्पसमधल्या चौकातल्या झाडांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकायची पद्धत आहे, ती बघायला मिळाली तर थांबा. मात्र कोर्टावर गर्दी घुसते तेव्हा पुढच्या रांगेत राहू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये याच हॉलमध्ये ड्यूक हरल्यावर लोक आत घुसले आणि ड्यूकचा खेळाडू काइल फिलिपॉव्स्की त्यात दुखावला होता. मधल्या वारची मॅच असल्याने तिकीट सहज मिळालं. परतताना मध्यरात्र उलटते, सकाळी मीटिंग असेल तर ग्रीन्सबरोत झोपा.

आता कॅमेरॉन. पुरुषांच्या मॅचचं तिकीट बाहेरच्या माणसाला सरळ मिळणं जवळजवळ अशक्य. पण ड्यूकच्या मुलीही याच हॉलमध्ये खेळतात! तिकीट काही डॉलरांत मिळतं, पार्किंगला मारामारी नाही, आणि जागा अशी की कोच कारा लॉसन खेळाडूला काय ओरडतेय तेही ऐकू येतं. 1940 मध्ये बांधलेला, बाहेरून दगडी, आतून पितळी कठड्यांचा आणि लाकडी बाकांचा हा हॉल केवढा लहान आहे ते आत गेल्यावरच कळतं. जागा 9,314. आपण टीव्हीवर बघतो ते विद्यार्थी कोर्टाच्या कडेला अक्षरशः हाताच्या अंतरावर असतात. ड्यूकच्या या कॅम्पसचा बराचसा भाग आणि हा हॉलही ज्यांच्या आराखड्यांतून उभा राहिला ते ज्युलियन एबल कृष्णवर्णीय होते, आणि त्या काळात तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. मुख्य चौकाला त्यांचं नाव 2016 मध्ये दिलं, तो चौक पायी फिरून या.

जानेवारीत गेलात तर हॉलबाहेरच्या हिरवळीवर तंबू दिसतील. ते क्रशेफ्स्कीव्हिल, ड्यूकचे जुने कोच माइक क्रशेफ्स्की यांच्या नावावरून. यूएनसीच्या मॅचसाठी विद्यार्थी कित्येक आठवडे तिथे पाळ्या लावून झोपतात, मधूनच कधीही हजेरी होते, कमी डोकी सापडली तर तंबू रांगेतून बाद. पोरांशी गप्पा मारा, आनंदाने सांगतात. एका तंबूत थर्मॉससोबत चितळ्यांच्या बाकरवडीचं पाकीट दिसलं आणि मग अर्धा तास तिथेच गेला. पोरगा नाशिकचा, कॉम्प्युटर सायन्सला, बास्केटबॉल आयुष्यात कधी खेळलेला नाही.

सगळ्यांत काय आवडलं विचाराल तर रॅलीतलं एनसी स्टेटचं रेनॉल्ड्स कॉलिझियम. हे 1949 चं. त्याचा लोखंडी सांगाडा युद्धामुळे अर्धवट उभा होता, तो पुरा झाला तो एव्हरेट केस या कोचच्या काळात. बास्केटबॉलचं वेड या राज्याला लावणारा माणूस हाच. विजेत्यांनी शिडीवर चढून जाळी कापायची प्रथाही त्याच्यामुळेच रूढ झाली. प्रेक्षकांचा आवाज मोजायला म्हणून त्याने हॉलमध्ये दिव्यांचा मीटर बसवला होता, आणि तो यंत्राने नाही तर कोणीतरी बटणाने चालवायचा असं सांगतात. एसीसीची स्पर्धा 1954 ते 66 इथेच व्हायची. आता पुरुषांचा संघ मोठ्या लेनोवो सेंटरला गेलाय, आणि नूतनीकरणानंतर साडेपाच हजार जागांचा हा हॉल मुलींच्या संघाकडे आहे.

23 फेब्रुवारी, रविवार. समोर देशात पहिल्या क्रमांकावरचं नोटर डेम. माझ्या शेजारी लाल स्वेटर घातलेल्या एक बाई, सत्तरीच्या असतील, मांडीवर वही आणि पेन्सिल. प्रत्येक बास्केट, प्रत्येक फाउल त्या हाताने टिपत होत्या. मी विचारलं की फोनवर सगळं येतं की, तर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, फोन बघतोय कोण. मॅच बरोबरीत सुटली, जादा वेळ लागला. वहीत त्यासाठी एक रकाना छापलेला असतो, तो भरला. पुन्हा बरोबरी. दुसऱ्या जादा वेळेला रकानाच नव्हता, तेव्हा त्यांनी समासात पट्टीशिवाय रेघ मारली आणि लिहायला लागल्या. एनसी स्टेटने 104-95 ने मॅच मारली. कानठळ्या म्हणजे काय ते त्या साडेपाच हजारांत कळलं. नंतर बाहेर येऊन बेल टॉवरकडे जा, जिंकल्यावर तो लाल दिव्यांनी उजळतो.

याच विद्यापीठाच्या पुरुषांची कहाणी उलटी. 2024 मध्ये त्यांनी पाच दिवसांत पाच सामने जिंकून एसीसीची स्पर्धा मारली आणि थेट फायनल फोर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांत जागा गाठली. वर्षभरात गाडी इतकी घसरली की 2025 मध्ये 18 पैकी 15 संघांना स्पर्धेत जागा असूनही गतविजेते बाहेर, आणि लगोलग कोचही गेला. लेनोवो सेंटरला तिकीट तेव्हा अगदी सहज मिळत होतं. संघ पडता असला की बाहेरच्या प्रेक्षकाची चंगळ असते, हे लक्षात ठेवा.

स्पर्धा शार्लटला होती, स्पेक्ट्रम सेंटरमध्ये. ठिकाण बदलत असतं, तेव्हा आपल्या वर्षीचं तपासा. 1974 पर्यंत एनसीएए या राष्ट्रीय स्पर्धेला कॉन्फरन्समधून फक्त या स्पर्धेचा विजेता जायचा. त्या वर्षी एनसी स्टेटने मेरिलँडला जादा वेळेत 103-100 ने हरवलं, मेरिलँडसारखा तगडा संघ घरी बसला आणि पुढच्या वर्षी नियम बदलला. आता हरलं तरी फार बिघडत नाही, पण इथल्या लोकांच्या अंगात तो जुना ताप अजून आहे.

तिकिटाचं गणित असं. उपांत्य फेरीचं तिकीट स्पर्धा सुरू व्हायच्या आत घ्या. एका तिकिटात दोन मॅच असतात, आणि तेव्हा कोण समोर येणार हे कोणालाच माहीत नसल्याने भाव माणसात असतो. मी शुक्रवारचं असंच आधी घेऊन ठेवलं होतं. गुरुवारी यूएनसी जिंकली आणि उपांत्य फेरीत ड्यूक-यूएनसी ठरलं, तसे भाव भडकले. ड्यूकचा स्टार कूपर फ्लॅग घोटा दुखावून बाकावर बसलेला, तरी ड्यूक 24 गुणांनी पुढे गेलं, आणि यूएनसीने ते सगळं भरून काढत आणलं. शेवटचे 4.1 सेकंद. यूएनसीचा फ्री थ्रो आत गेला, बरोबरी झालीच असं वाटलं, आणि शिट्टी. त्यांच्याच एका खेळाडूने चेंडू सुटण्याआधी रेषेच्या आत पाऊल टाकलं होतं. गुण रद्द, ड्यूक 74-71. पुढे शनिवारी ड्यूकने लुइव्हिलला 73-62 ने हरवून स्पर्धाही जिंकली. त्या मॅचचं तिकीट शुक्रवारी रात्री हॉलबाहेरच घ्यावं, कारण हरलेल्या संघाचे लोक घरी निघालेले असतात आणि त्यांना ते विकून टाकायचं असतं.

रॅली, कॅरी किंवा डरमहून शार्लटला ‘पीडमाँट’ ट्रेन जाते, रॅलीहून तीन तासांच्या वर थोडा वेळ. आरामशीर आहे, पण शार्लटचं स्टेशन मध्यवस्तीपासून दूर, आणि मॅच संपते तेव्हा परतीची गाडी नसते. एक रात्र हॉटेल धरा, लाइट रेलच्या मार्गावर, कारण तिचं स्टेशन हॉलला लागूनच आहे.

मुलींची स्पर्धा एक आठवडा आधी असते, 2025 मध्ये ती ग्रीन्सबरोत होती, तिचंही ठिकाण तपासा. नोकरीतून एकच आठवडा सुट्टी मिळत असेल तर मी डोळे झाकून हीच सुचवीन: गर्दी कमी, खर्च कमी, खेळ अव्वल.

शाकाहारी मंडळींची हॉलमध्ये पंचाईतच. पॉपकॉर्न, प्रेट्झेल, नाचो, संपलं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून पोळी-भाजीचा डबा गाडीतच ठेवा आणि आधी जेवून घ्या. गावातलं प्रसिद्ध बार्बेक्यू म्हणजे डुकराचं मांस, व्हिनेगर मारलेलं. खात असाल तर चुकवू नका. बहुतेक हॉलमध्ये पारदर्शक पिशवीच चालते, बायकांच्या नेहमीच्या पर्स गेटवरून परत गाडीत जातात. जानेवारीत रस्त्यावर बर्फाचा पातळ थर धरतो, दिसत नाही, आणि इथल्या लोकांना त्यावर गाडी चालवायची सवय नाही, तुम्हाला असली तरी. तिकिटं सगळी फोनवर असतात आणि गेटजवळ नेटवर्कचा बोजवारा उडतो, तेव्हा घरून निघतानाच ती वॉलेटमध्ये उतरवून घ्या.