ट्रायपॉडच्या परवानगीत गेलेली सकाळ

प्रवासाला गेल्यावर एखाद्या मोठ्या वनस्पती उद्यानात मार्गदर्शकासोबत हिंडत छायाचित्रण शिकावे, असे ज्यांच्या मनात असेल त्यांनी फेरीची नोंदणी म्हणजे ट्रायपॉडची परवानगी नव्हे, हे आधी पक्के लक्षात ठेवावे. पैसे घेणारे वेगळे, फेरी घडवून आणणारे वेगळे आणि ट्रायपॉड आत नेऊ द्यायचा की नाही हे ठरवणारे आणखी वेगळे असतात. या तिघांची एकमेकांशी बोलाचाली असेल, असे गृहीत धरण्याचे काही कारण नाही.

माझ्या फेरीच्या माहितीपत्रकात ‘असल्यास ट्रायपॉड सोबत आणावा’ असे स्पष्ट छापलेले होते. फाटकावरच्या रक्षकाने मात्र माझ्या खांद्यावरची पिशवी पाहताच मला बाजूला उभे केले आणि कचेरीतून परवानगी आणण्यास सांगितले. फेरी सकाळी सातला निघाली. कचेरीची खिडकी साडेसातला उघडणार होती. ट्रायपॉड रक्षकाकडे ठेवून आत जावे म्हटले, तर सामान सांभाळणे त्याच्या कामात बसत नव्हते. मार्गदर्शक बाईंनी त्याला समजावण्याचा प्रयत्न केला, पण बाकीची मंडळी खोळंबली होती. ‘तुम्ही कागद घेऊन या, आम्ही कमळतळ्याशी थोडे जास्त थांबतो’, असे सांगून त्या पुढे गेल्या.

खिडकी उघडल्यावर हाती आलेल्या अर्जात कॅमेऱ्याचा अनुक्रमांक, भिंगांची यादी आणि प्रयोजन असे रकाने होते. प्रयोजनापुढे जाहिरात, चित्रपट, लग्नसमारंभ आणि संशोधन असे चारच पर्याय दिलेले होते. मी कडेला ‘शिकणे’ असे लिहिले, तेव्हा लिपिकाने ते वाचून अर्ज मला परत केला. ट्रायपॉड आहे म्हणजे काम व्यावसायिकच असणार, असा त्यांचा ठाम समज होता. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांना तो लागत नाही, मग तुम्हालाच का लागतो, असेही त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तरही माझ्यापाशी होते. ऐकून घ्यायला मात्र कोणी तयार नव्हते.

ते उत्तर येथे देतो. एखादा पुंकेसर सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटावा इतक्या जवळून फोटो काढायचा, तर फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ ११ एवढे बारीक छिद्र ठेवूनही जेमतेम सव्वा मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते. इतक्या जवळ गेल्यावर भिंगातून सेन्सरपर्यंत पोचणारा प्रकाश सुमारे दोन स्टॉपने, म्हणजे एक चतुर्थांशावर येतो (एका स्टॉपने प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होतो). झाडाखालच्या सावलीत हे जमवायचे तर शटर इतका वेळ उघडे ठेवावे लागते की हातातल्या कॅमेऱ्याची थरथर फोटोत उतरलीच म्हणून समजा. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे त्यात सहसा यापेक्षा बरीच अधिक खोली स्पष्ट मिळते. अर्जातला रकाना दोन बोटे रुंद होता. त्यात हे सारे मावण्याजोगे नव्हते.

शेवटी ‘संशोधन’ यावर खूण करण्याची तडजोड लिपिकानेच सुचवली, अनामत भरून घेतली आणि मग अर्जावर अधीक्षकांची सही लागते असे सांगितले. अधीक्षक उद्यानात पाहणीला गेले होते. म्हणजे ज्यांच्या सहीशिवाय मला आत जाता येत नव्हते ते आत होते, आणि ते बाहेर येईपर्यंत मी बाकावर बसून ऊन वर चढताना पाहत होतो. चिडचिड नुसत्या वेळेची नव्हती. सूर्य खाली असताना उजेड तिरपा आणि मऊ असतो, पानांवर दव असते, जमीन तापलेली नसल्याने वाराही बहुधा पडलेला असतो. शिवाय रात्री उमलणारी कुमुदे सकाळ चढली की मिटू लागतात, आणि ती फेरी इतक्या लवकर ठेवण्याचे मुख्य कारणच ती कुमुदे होती.

अधीक्षकांनी सही केली ती न वाचता. परवान्याच्या मागे बारीक अक्षरांत अट होती: अरुंद पायवाटांवर आणि वाफ्यांच्या कडेला ट्रायपॉड उभारू नये. अट चुकीची नाही, कारण ट्रायपॉडच्या पायांत लोक अडखळतात आणि त्याची टोके मुळांत रुततात. पण आमची फेरी जवळजवळ सगळीच अशा पायवाटांवरून होती. एकपायी मोनोपॉडला अर्जच लागत नाही, हेही मला तेथेच, सही झाल्यानंतर कळले. तुम्ही जाणार असाल तर सरळ मोनोपॉड न्यावा.

मी तळ्याशी पोचलो तेव्हा बहुतेक कुमुदे मिटली होती. बाईंनी हळहळण्यात वेळ न घालवता मला पोलरायझर, म्हणजे भिंगापुढे लावायचा चकाकी घालवणारा फिल्टर, कसा फिरवायचा ते दाखवले. पाण्यावरची चकाकी घालवायची असेल, तर पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन होईल अशा रीतीने उभे राहावे, तेथे तो सर्वांत चांगले काम करतो. पोलरायझर फिरवता फिरवता पाण्यावरचे पांढरे आभाळ विरले आणि खालचे देठ दिसू लागले, तेव्हा त्या सकाळी पहिल्यांदा माझा राग जरा उतरला. ढगाळ दिवशीही पानांवरची चमक काढण्यासाठी तो उपयोगी पडतो, मात्र एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) त्या हिशेबाने वाढवावा लागतो.

पांढऱ्या फुलांविषयी त्यांनी सांगितलेले मी आधीच लिहायला हवे होते. फुलाने चौकट भरलेली असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी घेतला जाणारा प्रकाश, सुमारे एक स्टॉप वाढवावे. तेच फूल गडद पानांच्या मध्ये लहानसे असेल तर उलट कमी करावे, नाहीतर पाकळ्यांवरच्या शिरा पार पुसल्या जातात. लाल फुलांसाठी हिस्टोग्राममधला (फोटोतल्या अंधार-उजेडाच्या आलेखातला) लाल रंगाचा आलेख वेगळा पाहावा. एकत्रित आलेख ठीक दिसत असतानाच लाल कडेला जाऊन आदळलेला असतो, आणि मग पाकळीच्या जागी नुसता लाल डाग उरतो.

ऊन कडक झाल्यावर आम्ही पानांच्या पलीकडे सूर्य येईल असे उभे राहिलो. केळीच्या कुळातल्या एका मोठ्या पानाच्या समांतर शिरा, मधली फाटलेली कड आणि तिच्यावर चढणारी मुंगी, एवढेच मी हातात कॅमेरा धरून, शटर १/५०० सेकंदाला ठेवून टिपले. सपाट पानाला समोरासमोर उभे राहिले की खोलीचा प्रश्न उरत नाही. त्या दिवसाचा माझा सर्वांत चांगला फोटो तोच आहे, आणि त्याला ट्रायपॉड लागला नाही, हे मी आता थोड्या तोऱ्यातच सांगतो.

परवाना आत कोणीही पाहायला मागितला नाही. तरीही ट्रायपॉड न्यायचाच असेल, तर निघण्यापूर्वी उद्यानालाच लेखी विचारावे, फेरी घेणाऱ्यांना नव्हे, आणि आलेल्या उत्तराची छापील प्रत जवळ ठेवावी. अनामत परत घेण्यासाठी त्याच खिडकीशी यावे लागते आणि ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत बंद असते, म्हणून शेवटचे फोटो बाहेरच्या फाटकाजवळच्या झाडांसाठी राखून ठेवावेत.