हवामान मॉडेलमधले वणवे तपासताना

हवामान मॉडेल, म्हणजे पृथ्वीच्या हवामानाचे गणित करणारे संगणकीय कार्यक्रम, जगभरातील वणवे कितपत बरोबर दाखवतात हे तपासण्याचे काम हाती घेतले, तेव्हा मी आधी जगाचे एकूण वार्षिक जळित क्षेत्र काढून पाहिले. बऱ्याच मॉडेलांचा आकडा उपग्रहांच्या आकड्याच्या आसपास आला. तरी मी त्यावर विसंबले नाही, कारण अनेक मॉडेलांतले गुणांक मुळात उपग्रहांवरून काढलेल्या जळित क्षेत्राशीच जुळवून ठरवलेले असतात. खरी परीक्षा कोणत्या प्रदेशात, कोणत्या महिन्यात आग लागते, यातच होणार होती.

त्यासाठी मॉडेलच्या आणि उपग्रहांच्या नोंदी एकाच ग्रिडवर, म्हणजे नकाशाच्या सारख्याच चौकटींच्या जाळ्यावर, आणल्या. मॉडेलच्या फाइलीत प्रत्येक चौकटीचा किती टक्के भाग त्या महिन्यात जळला हे असते, तर मोडिस या नासाच्या उपग्रहांवरील उपकरणाची नोंद सुमारे 500 मीटरच्या पिक्सेलवर असते.

सर्वाधिक वेळ आफ्रिकेने घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता, कारण जगाच्या जळित क्षेत्राचा निम्म्याहून बराच मोठा वाटा तिथला आहे. विषुववृत्ताच्या उत्तरेकडील सव्हाना, म्हणजे विरळ झाडांचा गवताळ प्रदेश, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पेटते, दक्षिणेकडील जुलै ते सप्टेंबरमध्ये. पूर्ण खंडाची सरासरी काढली तर हे दोन हंगाम एकमेकांत मिसळून जातात. ते वेगळे केल्यावर एका मॉडेलमध्ये उत्तरेकडील आगी कोरड्या हंगामाच्या शेवटापर्यंत वाढतच जाताना दिसल्या. त्या मॉडेलच्या हिशेबात गवत जितके वाळेल तितकी आग अधिक, एवढेच होते. प्रत्यक्षात तिथले शेतकरी आणि गुरे राखणारे लोक बरेचसे गवत हंगामाच्या सुरुवातीलाच जाळतात, त्यामुळे पुढे पेटण्यासारखे फारसे उरतच नाही. लोकसंख्येच्या घनतेवरून आगीची शक्यता मोजणाऱ्या समीकरणात ही समजून-उमजून केलेली जाळणी कशी बसवायची, हा प्रश्न मला या सगळ्या कामात सर्वात महत्त्वाचा वाटतो. जगाचे जळित क्षेत्र 1998 ते 2015 या काळात सुमारे एक चतुर्थांशाने घटले, तेही मुख्यतः सव्हानात शेती पसरल्यामुळे, आणि अनेक मॉडेलांना ही घट पकडता आलेली नाही.

दोष एकट्या मॉडेलांच्या माथी मारणेही योग्य नव्हते. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत 2016 मध्ये सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या 20 मीटर पिक्सेलच्या प्रतिमांतून मोडिसपेक्षा सुमारे 80 टक्के अधिक जळित क्षेत्र आढळले होते. म्हणजे लहान आगी आपल्या मोजपट्टीतूनच निसटत होत्या. त्यामुळे तिथे मी आकड्यापेक्षा हंगामाच्या जुळण्याला अधिक वजन दिले.

शेवटी भीषण वर्षांची तपासणी उरली. कॅनडात 2023 मध्ये सुमारे 1.5 कोटी हेक्टर जंगल जळाले, पण समुद्र आणि वातावरण स्वतःच घडवणाऱ्या मॉडेलचे 2023 हे वर्ष म्हणजे आपले 2023 नव्हे. त्याचा एल निनो त्याच्या स्वतःच्या वेळापत्रकाने येतो. वर्षाला वर्ष ताडून पाहायचे असेल तर मॉडेलच्या जमिनीच्या भागाला प्रत्यक्ष नोंदलेले हवामान द्यावे लागते, अन्यथा अनेक दशकांतील मोठ्या वर्षांची वारंवारता तेवढी पाहावी. मी दुसरा मार्ग धरला. उत्तरेकडील शंकुवृक्षांच्या जंगलांत मॉडेलची चांगली आणि वाईट वर्षे जवळपास सारखीच निघाली, म्हणून त्या पट्ट्यातील टोकाच्या वर्षांच्या अंदाजासाठी हे निकाल वापरू नयेत, असे मी अहवालात स्पष्ट लिहिले.