काटे

"गुलाब कित्याक गो? हे माका रोज काटे काढून देतत."

आज 14 फेब्रुवारी म्हणून मालवणात शेजारच्या मावशींना गुलाब द्यायला गेले, तर दोघं जेवत होती. मावशींना आताशा नीट दिसत नाही. काका पेडव्याचा, त्या बारीक काटेरी माशाचा, एकेक काटा बोटांनी चाचपून ताटाच्या कडेला ठेवत होते. त्यांचा स्वतःचा भात गार झालेला.

संत व्हॅलेंटाइनचा सण 1969 मध्येच कॅथलिक चर्चच्या सर्वसाधारण कॅलेंडरातून वगळला गेला. माझी काही तक्रार नाही, गुलाब द्यावेतच. पण बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं 'प्रीती सहनशील आहे' आमच्या लग्नांत हमखास वाचतात. इतकी वर्षं नुसतं ऐकलं. आज त्या ताटाच्या कडेला दिसलं.

घरी आल्या आल्या नवऱ्याला विचारलं, जेवलास का रे?