तुळस डोईवर, सातबारा कनवटीला

माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते, ते दोन दिवस आमच्या घरी दिवाळीहून मोठे. हे आणि त्यांचे मित्र पेठेतल्या एका शाळेत वारकऱ्यांचे पाय चोळून द्यायचे. बायकांच्या बाजूला मी बसायचे. गरम पाण्याच्या बादल्या, तिळाचं तेल, जुने टॉवेल. टाचांच्या भेगांत इतकी माती बसलेली असायची की कापसाचा बोळा तेलात बुडवून ती हळूहळू काढावी लागे, आणि त्या बायका पाय मागे ओढून म्हणत, “राहू द्या माउली, उद्या पुन्हा भरणारच आहे.”

मी स्वतः मात्र कधी चालले नव्हते. हे गेले, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या वारीला मी पुणे ते सासवड चालायचं ठरवलं. एका ओळखीच्या काकूंनी बीडकडच्या एका दिंडीत सांगून ठेवलं. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाचे, पैसे भरले, बोचकं दिंडीच्या ट्रकवर टाकलं आणि पहाटेच्या अंधारात भवानी पेठेतून निघाले.

पुणे-सासवड हा माउलींच्या वाटेवरचा मोठा टप्पा, ३० किलोमीटरच्या वर. त्यात त्या दिवशी योगिनी एकादशी, म्हणजे अवघी वारी उपाशी. रस्त्याच्या कडेला साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, केळी घेऊन माणसं उभी होती आणि घ्या घ्या म्हणून विनवत होती. हडपसरला दोन्ही पालख्यांची वाट वेगळी होते. तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला जातात, माउली सासवडकडे वळतात.

हडपसरच्या थोडं अलीकडे दिंडीतली एक कॉलेजच्या वयाची मुलगी बुक्क्याची डबी घेऊन रांगेतून येत होती. माझ्यापाशी आली, काही विचारलं नाही, अंगठा कपाळावर टेकला आणि पुढे गेली. हे गेल्यापासून माझ्या कपाळाला दुसऱ्या बाईचा हात लागला नव्हता. लोक आधी माझ्या कपाळाकडे बघतात आणि मग डोळ्यांकडे, हे मी रोज सोसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, पाठोपाठ राज्य सरकारनंही परिपत्रक काढलं. ती बातमी यांनीच मला मोठ्यानं वाचून दाखवली होती. आमच्या इमारतीत मात्र चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं माझं दार सोडून पुढच्या दारी जातं. त्या मुलीनं बुक्का लावला तेव्हा मला भर रस्त्यात रडू आलं, आणि आजूबाजूच्या एकीनंही काय झालं म्हणून विचारलं नाही. एकीनं फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

तीच आक्का. डोक्यावर पितळी तुळशीवृंदावन, पायांत झिजलेल्या स्लीपर, वय माझ्याहून थोडं कमी असेल. बीड जिल्ह्यातली, ऊसतोडीला जाणारी. दसरा-दिवाळीनंतर जे गाव सोडायचं ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कारखान्याच्या फडातच. वडकीला दुपारच्या विसाव्यापर्यंत आम्ही हवापाण्याचं बोललो. खरं बोलणं झालं ते दिवे घाटात.

घाट चढताना माणूस कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. पुढच्या बाईच्या टाचा, आपला श्वास आणि टाळांचा ठेका, एवढंच. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या, खाली मस्तानी तलाव दिसत होता, आणि माझ्या खांद्याला खांदा लावून ही बाई, न थांबता, न थबकता, आपला जन्म सांगत होती. घरात ज्या गोष्टी चार भिंतींना ऐकवत नाहीत, त्या इथं बायका चालता चालता बोलून टाकतात. मागे-पुढे कान होते, पण कुणीही वळून बघितलं नाही.

“मालक लई जीव लावायचे,” ती म्हणाली. “फडात पहाटं तीनला उठावं लागतं. तर ते माझ्या आधी उठायचे, चूल पेटवायचे, आन मंग मला हाक मारायचे. लोकं हसायची त्यांना.”

मग बाकीचं सांगितलं. गर्भाची पिशवी तिशीच्या आतच काढली. पोटात दुखायचं, डॉक्टर म्हणाला काढून टाक, आणि खाडा झाला की मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, दंड कापायचा, म्हणून काढली. कंबर तेव्हापासून गेली ती गेलीच. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांवरून २०१९ मध्ये गदारोळ झाला, सरकारनं समिती नेमली, ते मी पेपरात वाचलं होतं. आक्काला समिती ठाऊक नव्हती. पाळीसाठी सुट्टी मागता येत नाही म्हणून अवयव काढायला लागणं, यासारखा अन्याय मला दुसरा माहीत नाही. तो अन्याय माझ्या शेजारी डोक्यावर तुळस घेऊन घाट चढत होता.

“चार वर्सं झाली मालकाला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई म्हंजी अर्धा कोयता, तिला उचल द्यायला मुकादम मागं-पुढं बघतो. भावासंगं जाते आता तोडीला.”

मी माझं सांगितलं. माझं दुःख तिच्यापुढे सांगावं का, असं क्षणभर वाटलं, पण तिनंच विचारलं, “तुमचे कसे व्हते?” सगळे मला कसे गेले ते विचारतात. कसे होते, हे कुणी विचारलं नव्हतं. मग घाटमाथ्यावरच्या विठ्ठलाच्या भव्य मूर्तीपर्यंत मी यांच्याबद्दलच बोलत राहिले. भाजी निवडताना रेडिओला उत्तरं द्यायचे ते, माझ्या आईला दर गुरुवारी फोन करायचे ते, रागावले की जेवायचे नाहीत पण माझं ताट वाढून ठेवायचे ते. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं, मी हसत होते.

“रखुमाय बी रुसूनच आली व्हती पंढरीला,” आक्का म्हणाली. “देव तिला हुडकीत आला. अजून बी तिचं देऊळ येगळंच हाय. रुसली म्हून काय पिरेम कमी व्हतंय व्हय?”

वारीत भेदाभेद उरत नाही असं म्हणतात. मला तसं सरसकट म्हणता येणार नाही. विणा पुरुषाच्या गळ्यात आणि तुळस बाईच्या डोक्यावर, हे बहुतेक दिंड्यांत ठरलेलं आहे. तंबूत पोचल्यावर पुरुष पाय पसरून बसले आणि बायका उपासाची भगर शिजवायला लागल्या, तेही मी पाहिलं. पण वाटेवर, चालत असताना, बाईला कुणाची कोण म्हणून विचारत नाहीत. तेवढ्यासाठी बायका शेकडो मैल चालतात, असं मला आता वाटतं. विठोबा तर आहेच.

सासवडला संध्याकाळी समाजआरती होती. सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या राहिल्या, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. मग चोपदारांनी दंड वर केला आणि एवढा अफाट समाज एका क्षणात गप्प झाला. एक दिंडी मात्र टाळ वाजवतच राहिली. मला वाटलं, त्यांना दंड दिसला नसेल. काकूंनी सांगितलं, ज्या दिंडीची काही तक्रार असते ती मुद्दाम टाळ थांबवत नाही. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, तोडगा काढतात, तेव्हाच टाळ थांबतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात, आणि आरती होते.

आक्का त्या वाजणाऱ्या टाळांकडे एकटक बघत होती. म्हणाली, “बरं हाय की. वाजवीत ऱ्हायलं की कुणीतरी यीऊन इचारतंय.”

रात्री राहुटीत तिनं कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी सोडली. आत तंबाखू नाही, पैसे नाहीत. घड्या पडून पिवळा पडलेला सातबाराचा उतारा. सासऱ्याच्या पश्चात जमीन तिच्या नवऱ्याच्या आणि दिराच्या नावावर लागली होती. नवरा गेल्यावर तिचं नाव लावायला दीर तयार नव्हता. “मपलं नाव लागलं तर मी दुसरं लगीन करून जमीन घीऊन जाईन म्हनतो,” एवढं सांगून ती गप्प झाली.

माझं आयुष्य वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करण्यात गेलं. हे मला येत होतं. मी तिला सांगितलं, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं नवऱ्याच्या वाट्यात बायको, मुलं आणि नवऱ्याची आई सारखे वारस. दीर त्यात येत नाही. खातेदार गेला की तीन महिन्यांत वारसांनी तलाठ्याला कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. तलाठी आधी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, वारस नोंदवतो, मग फेरफार, म्हणजे नावातल्या बदलाची नोंद, होतो, मग सातबारावर नाव चढतं. तोंडी सांगायचं नाही, लेखी अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची.

“पोच म्हंजी?”

“त्याची सही आणि शिक्का. दिल्याशिवाय तिथून हलायचं नाही.”

बॅटरीच्या उजेडात मी वहीच्या पानांवर अर्ज लिहिला, दोन प्रती. तिचं पूर्ण नाव लिहिताना ती वाकून बघत होती. वारसांत सासूचंही नाव लिहिलं तेव्हा म्हणाली, “लिवा, तिचा बी हक्क हाय. म्हातारी लई सोसलेली हाय.” सही करायला तिला वेळ लागला. शेजारच्या तिघी-चौघी तोवर सरकत जवळ आल्या होत्या. एकीनं विचारलं, “ताई, नवरा सोडून गेला असंल, मेला नसंल, तर?” झोपायला खूप उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेऊन मी पुण्याची बस धरली. आक्का पुढे जेजुरी, वाल्हे, नीरेकडे निघायची होती. तिनं माझा नंबर अर्जाच्या पाठीमागे लिहून घेतला.

आठवड्याभरानं नातेपुत्याहून फोन आला. मागे हरिपाठ चालू होता, मोठ्यानं बोलावं लागत होतं.

“ताई, मृत्यूचा दाखला झेरॉक्स चालंल का ओरिजिनल लागंल?”

“झेरॉक्स जोड. ओरिजिनल दाखवायला जवळ ठेव, देऊ नकोस.”

“आन पोच?”

“घ्यायचीच.”

“घिते,” ती म्हणाली. “आन ऐका, आपल्या दिंडीतल्या दोघींना बी अर्ज लिवून पायजेत. त्यांला तुमच्याकडं पाठवू का येताना?”

मी पत्ता सांगितला.